आजारी आईला काय सांगू नये

प्रेम कितीही अमर असलं तरी चौदाव्या भागानंतर त्याला धाप लागते, ही गोष्ट मालिकांच्या धंद्यात आता वादातीत आहे. नायक नायिकेला धडकतो, गैरसमज होतो, मिटतो, नायकाची श्रीमंत आई नायिकेला हाकलून देते, पुन्हा गैरसमज होतो. इथवर चौदा भाग निघतात. मालिका चाळीस भागांची असते. उरलेल्या सव्वीस भागांत या दोघांनी करायचं काय, हा प्रश्न भल्याभल्या लेखकांना सुटला नाही. तो शेवटी वैद्यकशास्त्राने सोडवला. घरातलं कोणीतरी आजारी पडतं.

हांगझोऊ शहरातल्या एका मोठ्या मालिका कंपनीत (नाव छापायला परवानगी मिळाली नाही) यासाठी वेगळा विभाग आहे. कागदोपत्री तो ‘कौटुंबिक भावना विभाग’ आहे. बाकीचे लोक त्याला वॉर्ड म्हणतात. फू श्वेचिंग या विभागाची प्रमुख. वय अडतीस, अनुभव अकरा वर्षं, आजवर मारलेल्या आया एकोणीस, वाचवलेल्या सहा (पैकी चार दूध पावडरच्या जाहिरातदारांच्या आग्रहावरून).

रोग निवडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. रोग असा हवा की चेहरा फिकट व्हावा पण सुजू नये. ओकाऱ्या नकोत. मरताना निदान चाळीस शब्दांचं एक वाक्य न अडखळता बोलता यावं. मधुमेह घरोघरी असला तरी मालिकेला निरुपयोगी आहे, कारण त्यात मोक्याचा असा दिवसच येत नाही. मूळव्याधीचा प्रस्ताव एकदा एका नवख्या लेखकाने मांडला होता. तो आता कुठे असतो, कोणालाच माहीत नाही. आणि आजारी पडायचं ते आईनेच, कारण बाप आजारी पडला की पाहणारे पाणी प्यायला उठतात, असं आकडेवारी सांगते.

पण श्वेचिंगचं नाव झालं ते रोगांमुळे नाही, थापांमुळे. आपल्याकडे दुखणं गंभीर असलं की डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात आणि रोग्याला काही सांगत नाहीत. कळलं तर तो खचेल. म्हणून त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचं: मुलांना, जावयाला, शेजाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या भाजलेल्या पोळ्यांच्या दुकानदारालासुद्धा. हे सगळं निव्वळ मायेपोटी चालतं. या मायेला श्वेचिंगने शास्त्राची शिस्त लावली. मुलीने सणवार नसताना घरी यावं, सफरचंद सोलायला घ्यावं, साल तुटू देऊ नये, नजर सालीवर ठेवावी आणि म्हणावं, “काही नाही गं आई, जठराला जराशी सूज आहे.” एकोणीस आयांना एकोणीस थापा. रिपोर्टची अदलाबदल झाली. मोठ्या शहरात तपासणी फुकट आहे, सहज जाऊन येऊ. केस गळतात ते नळाच्या पाण्याने. एका पाहणीनुसार (पाहणी कंपनीनेच केली) शंभरातले एकोणसाठ रोगी ‘जराशी सूज’ हे शब्द ऐकताच मृत्युपत्राला कागद मागतात. कंपनीने हे यशात मोजलं.

ऑक्टोबरात श्वेचिंगला तिच्या गावाहून, च्युझोऊहून, मावशीचा फोन आला. श्वेचिंगची आई, लाई ग्वेइझन, बालवाडीच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. लेकीचा प्रत्येक भाग दोनदा बघायची. एकदा रडायला आणि एकदा चुका काढायला. तिचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे मावशीला बाहेर बोलावून सांगितलं, की जठरात गाठ आहे, या महिन्यात ऑपरेशन झालं तर निम्मी आशा आहे, पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही. आई मात्र म्हणत होती, नुसते ढेकर आहेत, चौकातल्या आमच्या नाचाची स्पर्धा जवळ आलीय, मला इस्पितळात जायला सवड नाही. तिला फरफटत तर नेता येत नव्हतं.

“तू ये आणि तूच काय ते सांग बाई,” मावशी म्हणाली. “तुझा तर हा पोटापाण्याचा धंदा आहे.”

कंपनीचे निर्माते ताओ सर हे माणुसकी जपणारे गृहस्थ. त्यांनी लगेच तीन दिवसांची रजा दिली. “आईची काळजी घे,” ते म्हणाले, “आणि जमलं तर टिपणं काढ.”

गाडीत बसून श्वेचिंगने आपल्या सगळ्या थापा आठवून पाहिल्या. एकही कोरी नव्हती. प्रत्येक थाप देशभर दाखवून झाली होती आणि आईने ती दोनदा पाहिली होती. च्युझोऊ येईपर्यंत तिच्या ध्यानात आलं, की एकोणीस आयांपैकी एकीवरही न वापरलेली अशी एकच गोष्ट शिल्लक आहे, आणि ती म्हणजे खरं बोलणं.

आई स्वयंपाकघरात बांबूचे कोंब चिरत होती. मावशी स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

“आई, तुझ्या जठरात गाठ आहे. कॅन्सर आहे. या महिन्यात ऑपरेशन करायला हवं.”

आईची सुरी थांबली नाही. “कितव्या भागात आहे हे?”

“आई, मी खरं सांगतेय.”

“खरं असतं तर सांगितलं असतंस होय?” आई म्हणाली. “सख्ख्या आईच्या तोंडावर असं कुणी बोलतं का? आणि ही तुझी मावशी बघ, कशी मजेत बिया खातेय. मला काही झालं असतं तर हिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं.” (मावशी तीन दिवस न रडण्याचा सराव करत होती. तो भलताच चांगला झाला होता.)

श्वेचिंगने रिपोर्ट दाखवला. आईने चष्मा लावून तो वाचला आणि कागद चांगला आहे म्हणाली. मागच्या मालिकेतल्या रिपोर्टवर रोगिणीचं वय चुकलं होतं, तेवढं या वेळी सुधारलं म्हणून तिने लेकीचं कौतुकही केलं. मग श्वेचिंगने डॉक्टरांना फोन लावला, की तुम्हीच सांगा, आणि तो आईच्या हातात दिला. डॉक्टर नियमाला पक्के. रोग्याशी असलं बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते म्हणाले, “आजी, खात-पीत जा, मन प्रसन्न ठेवा.” आई फोन ठेवून विजयी मुद्रेने नाचाच्या सरावाला गेली. दुसरा दिवसही असाच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्वेचिंग खाली जाऊन सफरचंदं घेऊन आली. आई टीव्हीसमोर बसली होती. श्वेचिंग तिच्याजवळ बसली आणि सोलू लागली. साल तुटली नाही. तिने नजर वर केली नाही.

“आई, मी उगाच घाबरवलं तुला. काही नाही गं. जठराला जराशी सूज आहे. हांगझोऊला तपासणी फुकट आहे, सहज जाऊन येऊ.”

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. मग तिने लेकीच्या हातांतल्या त्या अखंड सालीकडे पाहिलं.

“एवढं वाईट आहे?”

इथे मुलीने खिडकीबाहेर बघायचं असतं, डोळ्यांतून एकच थेंब येऊ द्यायचा असतो, तोही कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यातून. हा नियम श्वेचिंगनेच केलेला. तिला तो पाळता आला नाही. ती आईच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडली, नाक वाहिलं, आईची विजार भिजली. असलं रडणं कंपनीने एका दमात नापास केलं असतं.

आईने तिच्या केसांतून हात फिरवला. मग सफरचंद घेतलं आणि पोट दुखत असताना ते पूर्ण खाल्लं. “सूज आहे म्हणतेस तर जाऊ या,” ती म्हणाली. “सूज अंगावर काढू नये.”

श्वेचिंग तोंड धुवायला आत गेली तेव्हा आईने मावशीला जवळ ओढलं. “मला कळलंय, हे हिला कळू देऊ नकोस,” ती म्हणाली. “पोर खचेल.”

ताओ सरांनी श्वेचिंगकडून हा सगळा प्रसंग ऐकला, डोळे पुसले आणि मालिकेसाठी नामंजूर केला. आईला खरं सांगणारी मुलगी पाहणाऱ्यांना आवडत नाही, मालिकेची सहानुभूती जाते, असं त्यांचं मत पडलं. ते अनुभवाचं होतं. सल्लागार मंडळानेही त्याला दुजोरा दिला.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आता आईचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. छान झालं. अगदी उत्तम. तिचा फोन बंद लागतो, पण तो जुना झाला होता म्हणून. श्वेचिंगने रजा महिनाभर वाढवून घेतली, तीही जरा विश्रांती हवी म्हणून. नाचाच्या मंडळाने आईच्या जागी दुसरी बाई घेतली, कारण बदल सगळ्यांनाच हवा असतो. तुम्ही उगाच काही मनात आणू नका. तुमचं जेवण झालं का?