चार ते पाच शांतता

शनिवारी दुपारी चार ते पाच घरात आवाज होऊ द्यायचा नाही, एवढंच शूऽकाकांनी ठरवलं होतं. आता यात काय चुकलं, तुम्हीच सांगा. एका तासाचा तर प्रश्न. पण काही माणसांनी स्वतःहून काही ठरवूच नये, आणि हे काकांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. (काकू सांगायच्या, दर आठवड्याला, पण ते धरायचं नाही.)

काका सार्वजनिक वाचनालयात वाचनकक्ष सांभाळायचे. अठ्ठावीस वर्षं. बोलणाऱ्यांकडे चष्म्यावरून बघायचं, ओठांवर बोट ठेवायचं आणि ‘शूऽ’ म्हणायचं, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात मुरलं होतं की घरी कुकरची शिट्टी झाली तरी बोट आपोआप ओठांवर. स्वतःलाच शिंक आली की ते स्वतःलाच ‘शूऽ’ करायचे. इमारतीत सगळे त्यांना शूऽकाका म्हणत, आणि तेही हळू आवाजात.

त्या शनिवारी मुलाखत होती ठकीची. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला तिला एका परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. प्रवेश मिळाला म्हणजे ते ‘या’ म्हणाले. पैशांचं तुमचं तुम्ही बघा. काकांचा पगार आणि काकूंचं शिलाई मशीन, दोघांनी मिळून तिला फार तर विमानतळापर्यंत पोचवलं असतं. म्हणून तिने परदेशी शिकणाऱ्या मुलांना मदत देणाऱ्या एका निधीकडे अर्ज केला होता. दोनच पायऱ्या उरल्या होत्या. शनिवारी चार वाजता संगणकावर मुलाखत, आणि त्याच पंधरवड्यात कधीतरी, न कळवता, निधीचा तपासनीस घरी येऊन परिस्थिती बघून जाणार.

आता एक गोष्ट सांगतो, ती काकूंना कळता कामा नये. ठकीने जाऊ नये असं काकांना वाटत होतं. फार वाटत होतं. वाचनालयाच्या बालविभागात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे. रोज दुपारी तिथे कुणी नसताना काका आपल्या गावावर अंगठा ठेवायचे आणि करंगळी तिच्या विद्यापीठाकडे ताणायचे. पोचायची नाही. मग दुसरा हात लावायचे. मोजून झालं की ते उगाच पुस्तकांवरची धूळ झटकत बसायचे. तिला मदत मिळाली नाही तर ती इथेच राहील, असं एकदा मनात आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या श्रीमुखात मारून घेतली होती. (हळूच, वाचनकक्ष चालू होता.)

म्हणूनच मुलाखतीची तयारी त्यांनी जरा जास्तच मनावर घेतली. मनात नाही, ते हातांनी तरी भरून काढावं.

शनिवारी सकाळी त्यांनी दारावरची बेल काढली. मग भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं असं त्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं टिकटिकत होतं, पण ते आजच लक्षात आलं. त्याची बॅटरी काढली. मोरीतला नळ ठिबकत होता, त्याला फडकं बांधलं. फ्रिज घुरघुरतो म्हणून फ्रिज बंद केला आणि आतलं सगळं शेजारी नेऊन ठेवलं. खुर्च्या करकरतात म्हणून ठकीपुरती एक ठेवून बाकीच्या वरच्या मजल्यावर बँडमास्तरांकडे पाठवल्या. बँडमास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांचा कर्णा झाला नव्हता. तासभर कर्णा न वाजवण्याच्या बदल्यात काकांनी त्यांना दोन नव्या रहस्यकथा रांग मोडून दिल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला होता. शेवटी साडेतीनला त्यांनी काकूंना मशीनसकट समोरच्या घरात पाठवलं.

“मी बोलणार नाही ना,” काकू म्हणाल्या.

“तू श्वास घेतेस,” काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा माणूस असता तर त्यानेच श्वास घेणं सोडलं असतं.

चार वाजता ठकी दार लावून संगणकासमोर बसली आणि काका जिन्यात स्टूल टाकून बसले. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वाचनालयात पद्धतच होती तशी. वाचनकक्षात कुणाला काही हवं असेल तर बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चिठ्ठ्या खिशात जातात आणि कक्ष बंद झाल्यावर वाचल्या जातात. आधी वाचल्या की लोक लगेच उत्तर मागतात, उत्तर द्यायचं तर बोलावं लागतं. अनुभवाची गोष्ट आहे.

सव्वाचारला दूधवाली आली. तिने चिठ्ठी लिहिली आणि गेली. साडेचारला मीटर बघणारा आला. त्यानेही लिहिली. मग पाचला पाच कमी असताना एक किडकिडीत गृहस्थ बगलेत फाईल धरून वर आले. पायांतले बूट करकरत होते. काकांनी आधी बुटांकडे बोट केलं. गृहस्थांनी बूट काढून हातात घेतले.

“मला यांच्या घरात...”

“शूऽ.”

“नाही, पण मी त्या...”

काकांनी चिठ्ठी पुढे केली. गृहस्थ भिडस्त होते बिचारे. त्यांनी भिंतीला टेकून लिहिलं, चिठ्ठी दिली आणि उभे राहिले. काकांनी ती न वाचता घडी करून खिशात टाकली आणि जिन्याकडे हात केला.

“आता नाही,” ते कुजबुजले. “उद्या बघतो.”

“म्हणजे आत सोडत नाही तुम्ही?”

काकांनी अत्यंत आदराने मान हलवली. नाही सोडत. गृहस्थांनी फाईल उघडून त्यात काहीतरी लिहिलं, बूट घातले आणि ते निघून गेले. आपण एक अवघड वाचक किती सफाईने हाताळला, या समाधानात काका पुन्हा स्टुलावर बसले.

पाच वाजता ठकी बाहेर आली. तिचा चेहरा फुललेला होता. “बाबा, फार छान झाली. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एवढी शांतता कशी?”

काकांना भरून आलं. काकू आल्या, मशीन आलं. आता कक्ष बंद झाला असं समजून काकांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. पहिलीत लिहिलं होतं, उद्या दूध उशिरा येईल. दुसरीत, मीटर पुढच्या आठवड्यात बघू. तिसरी त्यांनी वाचली आणि ते मटकन खाली बसले. (खुर्च्या बँडमास्तरांकडे होत्या.)

काकूंनी चिठ्ठी ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली. “निधीतर्फे घर बघायला आलो आहे. तपासनीस.”

घरात पुन्हा शांतता झाली.

“तुम्ही मुद्दाम केलंत,” काकू म्हणाल्या.

“अगं, काहीतरीच काय.”

“तिने जाऊ नये असं वाटतंय तुम्हाला. मला काय कळत नाही? झोपेत नकाशातल्या समुद्रांची नावं घेता तुम्ही.”

ठकीने रडावं, ओरडावं, काहीही करावं असं काकांना वाटलं. ती फक्त म्हणाली, “बाबा, खरंच मी जायला नकोय का तुम्हाला?”

काकांना खोटं बोलता आलं असतं. पण त्या क्षणी आपण मुद्दाम केलं की चुकून, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

“नकोय,” ते म्हणाले. “पण तू जायलाच हवीस.” आणि पायांत दिसतील त्या चपला अडकवून ते जिना उतरत सुटले. (त्यातली एक काकूंची होती.)

तपासनीस कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर उभे होते. काका धापा टाकत पोचले आणि त्यांनी सगळं सांगितलं, सवयीप्रमाणे कुजबुजत. समोरून बसगाड्या धडधडत होत्या.

“ऐकू येत नाही,” तपासनीस म्हणाले. “आणि आता उपयोग नाही. मी शेरा लिहून टाकलाय. पालकांचा विरोध दिसतो.”

“खोडा ना तो.”

“काय?”

“खोडा.”

“खोडता येत नाही. खाली भर घालता येते. पण त्यासाठी काय ते स्पष्ट बोला. तुमचा विरोध आहे की नाही?”

काकांनी उत्तर दिलं. तपासनिसांनी कानाला हात लावला. काकांनी पुन्हा दिलं. तेवढ्यात बस येताना दिसली आणि तपासनिसांनी फाईल मिटली. मग अठ्ठावीस वर्षं घशात दाबून ठेवलेला आवाज एकदम बाहेर आला.

“ती गेली तर मला करमणार नाही! घर खायला उठेल! संध्याकाळी दाराकडे कान लावून बसायची सवय आहे मला, ती कुठे ठेवू? पण तिला पाठवा. माझं मी बघतो. तिला पाठवा!”

थांब्यावरची वीसेक माणसं गप्प झाली. एका बाईंनी पिशवी खाली ठेवून डोळे पुसले. बस आली, उभी राहिली आणि निघून गेली. तपासनीस चढले नाहीत. त्यांनी फाईल उघडली आणि शेऱ्याखाली लिहिलं, ‘पालकाने बसथांब्यावर ओरडून संमती दिली. साक्षीदार सुमारे वीस.’

“चला,” ते म्हणाले. “घर दाखवा.”

आता घर कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तपासनिसांनी बेल शोधली, तिथे दोन वायरी लोंबत होत्या. बसायला गेले तर घरात खुर्ची एकच. घड्याळ बंद. नळाला फडकं. त्यांनी फ्रिज उघडला, आत अंधार आणि साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. ते जसजसे लिहीत गेले तसतसा काकांचा चेहरा पडत गेला. गरीब असणं निराळं आणि पाहुण्याने तसं लिहून घेणं निराळं.

“अहो, फ्रिज चालू असतो एरवी. आज मीच...”

काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. “जुना आहे,” त्या म्हणाल्या. “घुरघुरतो फार.” ते खरंच होतं. तपासनिसांनी तेही लिहिलं आणि जाताना ठकीच्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभरात पत्र आलं. पूर्ण मदत मंजूर. फी, राहणं, तिकीट, सगळं. ठकी काकांच्या गळ्यात पडली, काकूंनी मशीनवर बसून मनसोक्त रडून घेतलं, आणि काका फ्रिजला टेकून उभे राहिले, कारण कशाला तरी टेकणं भाग होतं.

ठकी गेली. विमानतळावर काका हसत होते. घरी येऊन त्यांनी तीन ताटं घेतली, त्यातलं एक परत ठेवलं. वर बँडमास्तरांनी कर्णा सुरू केला की आता ते दार उघडं ठेवतात. बेसूर का होईना, कुणीतरी आहे असं वाटतं. दर रविवारी तिचा फोन येतो. काकूंशी पाऊण तास, आणि मग काकांशी, “जेवलात का?”, “हो”, “ठेवते”. त्या अर्ध्या मिनिटासाठी काका आठवडाभर बोलायच्या गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतात. फोन हातात आला की एकही आठवत नाही.

मग एका रविवारी ठकी म्हणाली, “आई, फोन बाबांना दे. महत्त्वाचं आहे. त्यांच्याशीच बोलायचंय.”

काकांचा ऊर भरून आला. ते फोन घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लावलं. आठवण येते असं म्हणेल, त्यांना वाटलं. म्हणाली तर आपणही म्हणून टाकायचं, लाजायचं नाही. त्यांनी घसा खाकरला. “बोल, ठके.”

“बाबा, दुसऱ्या वर्षाच्या मदतीसाठी घराची पुन्हा तपासणी आहे. या खेपेला त्यांनी तारीख कळवलीय, बारा तारीख, सकाळी. रागावू नका हं. आईचं आणि माझं बोलणं झालंय. त्या दिवशी तुम्ही घरी नसलात तर बरं.”

काकांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि तारीख लिहून घेतली.

“चालेल की,” ते म्हणाले. “किती वाजेपर्यंत बाहेर राहू?”