डॉक्टरसाहेबांची इटलीवाली

आमच्या शेजारचे तायडे डॉक्टर रोज सकाळी चहाच्याही आधी कानाला स्टेथोस्कोप लावून अंगणात येतात, गाडीचं बॉनेट उघडतात, इंजिन चालू करतात आणि डोळे मिटून ऐकत उभे राहतात. मध्येच डावा हात वर करतात. याचा अर्थ गल्लीत कोणी बोलायचं नाही. दूधवाला कॅन धरून जागच्या जागी थांबतो, मी कुकरखालचा गॅस बारीक करते. मग साहेब कानातून नळ्या काढतात आणि कोणाकडेही न पाहता म्हणतात, "नॉर्मल." त्यानंतरच चिखलीतल्या आमच्या गल्लीचा दिवस सुरू होतो.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली, मोताळ्यात काही वर्षं, पिंपळगाव राजाला काही वर्षं. त्या भागात अशी म्हैस सापडणं कठीण, जिच्या आजीच्या पोटात साहेबांचा हात गेलेला नाही. आयुष्यभर ते एका खडखडत्या मोटारसायकलवर फिरले. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, देवदर्शनाला जातात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. साहेबांनी मेहकर रोडवरचा प्लॉट विकला आणि इटलीची जुनी गाडी घेतली.

तिच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ते नेमकं कसं म्हणायचं यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही. मेडिकलवाला एक म्हणतो, पोस्टमन दुसरंच म्हणतो. म्हणून सगळेच तिला 'इटलीवाली' म्हणतात. लांबच लांब नाक, दोन दारं, गर्द निळा रंग आणि इतकी बुटकी की शेजारी बकरी उभी राहिली तर बकरी उंच दिसते. दूरदूरच्या प्रवासाला ऐटीत जाण्यासाठी अशा गाड्या तिकडे बनवतात, असं साहेब सांगतात. आमच्याकडे ती मोताळ्याला जाते.

ती घेतली कशी, हे साहेबांच्याच तोंडून ऐकावं. पुण्याला एका लग्नाला गेले होते. ज्यांच्याकडे उतरले त्यांच्या इमारतीखाली एका कोपऱ्यात ही गाडी धुळीत उभी होती. चारी चाकांतली हवा गेलेली, काचेवर कबुतरांची घाण. मालक मोठा व्यापारी, त्याला आणखी गाड्या होत्या.

"मॅडम, म्या तिच्या तोंडाकडे पाह्यलं," साहेब सांगतात, "अन् मले समजलं. उपाशी जनावर हाये हे. दावणीले बांधून ठेवलं अन् मालक विसरून गेला. असं जनावर दिसलं तर तुमी काय करान?"

मी मराठीची शिक्षिका आहे. मी काय करणार? पण साहेबांनी लग्नाचं जेवण सोडून मालकाला गाठलं. "जातिवंत हाये, वय जरा झालं, पण दात पक्के हायेत," असं स्वतःच गाडीचं कौतुक करत त्यांनी सौदा केला. असं गिऱ्हाईक त्या व्यापाऱ्याने जन्मात पाहिलं नसेल.

घरी आणल्यावर कुसुमकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, गाडीभोवती एक चक्कर मारली. "मागं कोण बसन?" त्यांनी विचारलं. मागची सीट नावापुरती आहे, तिथे फार तर दोन कोंबड्या बसतील.

"मागं कोणाले बसवायचं हाये आपल्याले? तू पुढं बस."

काकू बसल्या. बसल्या म्हणजे वरून खाली गेल्या. बाहेर काढायला मला आणि साहेबांना दोन्ही हात धरावे लागले. उभ्या राहून पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "पंगतीत बसल्यासारखं वाटते. वाढणारं कोणी दिसत नाही तेवढं." पण मी त्यांचा चेहरा पाहत होते. गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या आणि काकूंनी एकेका दाराकडे नीट वेळ घेऊन पाहिलं.

अभिमान हा साहेबांचा मूळ स्वभाव. गाडीनं त्याला चार चाकं दिली एवढंच. चिखलीपासून मोताळ्यापर्यंतचे सगळे गतिरोधक त्यांना स्वभावासकट पाठ आहेत. "हा गरीब हाये," "हा चावते," असं सांगत सांगत ते गाडी चालवतात. चावणारा आला की उतरतात, वाकून बघतात आणि मग गाडी तिरपी करून एकेक चाक असं चढवतात की मागच्या एसटीतले प्रवासीही श्वास रोखतात. चाक सुखरूप उतरलं की एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. साहेब हात वर करून मानवंदना स्वीकारतात.

निवृत्त झाले तरी जुनी माणसं त्यांनाच फोन करतात. म्हैस अडली, गाय उठत नाही. इटलीवालीच्या डिकीत कॅल्शियमच्या बाटल्या, दोर आणि गमबूट कायम असतात. एकदा पिंपळगाव राजाकडच्या एका शेतकऱ्यानं जनावरांच्या चाऱ्याचा हिशोब मनात करत, गाडी निरखून विचारलं, "साहेब, याच्यात कुटाराचे पोते किती बसतात?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. साहेबांनी डिकी उघडून खरोखर अंदाज घेतला. "एक बसन. पण मग ते पोतं उतरायचं नाही म्हणन."

गाडीत बिघाड आहे हे मात्र त्यांच्याकडून कोणी वदवून घेऊ शकत नाही. इटलीवाली आजारी पडत नाही. तिला 'हवामान मानवत नाही' किंवा 'आज तिचं मन नाही'. मी एकदा शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी मोताळ्याला निघाले होते, साहेबांनी आग्रहानं गाडीत घेतलं. राजूर घाट आम्ही राजासारखा उतरलो. मोताळ्यात नेमका आठवडी बाजाराचा दिवस. मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढताना काचेसमोर वाफ आली आणि इटलीवाली गप्प झाली.

साहेबांनी काच वर घेतली, हात स्टिअरिंगवरच ठेवले आणि ठरवून थांबल्यासारखे समोर बघत राहिले. मीही बघत राहिले. दहा-बारा माणसं जमली. एकानं काचेवर टकटक केली.

"डॉक्टर, बंद पडली काय?"

साहेबांनी काच बोटभर खाली केली. "बंद नाही पडली. थांबली हाये."

"कायले?"

"बाजार पाहून राह्यली."

शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला परत आणलं. साहेब स्टिअरिंगवर ताठ बसले होते. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की हात करत होते. बुलडाण्याच्या चौकात एकानं ओरडून विचारलं, "साहेब, पुढं ट्रॅक्टर कायचं?"

"पायलट हाये," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर मात्र ते कपडेही न बदलता बॉनेटमध्ये वाकले. पाण्याचा पंप गेला होता. इकडे तो भाग मिळेना. मुंबईच्या एका दुकानदारानं तर सांगितलं, नाद सोडा, शोभेला ठेवा. त्यावर साहेबांनी त्याचा नंबरच मोबाईलमधून काढून टाकला, असं काकू सांगत होत्या. मग मोबाईलवर शोधता शोधता त्यांना इटलीतल्या कुठल्याशा खेड्यातला एक म्हातारा मेकॅनिक सापडला. सिल्व्हानो त्याचं नाव. जन्मभर याच गाड्या दुरुस्त करत आलेला, जुने भाग जपून ठेवणारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. साहेबांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. म्हणून मध्ये मोबाईलमधली दुभाषी बाई आली. इकडून मराठी बोलायचं, ती तिकडे इटालियन बोलणार.

पहिल्याच व्हिडिओ कॉलला साहेब सवयीप्रमाणे बोलले, "भाऊ, आमची ते गरम होऊन राह्यली. घाट चढला की घरघर करते, मंग जागचीच हालत नाही."

पलीकडच्या पांढऱ्या मिशा गंभीर झाल्या. त्यानं सावकाश काहीतरी सांगितलं. दुभाषी बाई म्हणाली, "ऐकून वाईट वाटले. तिला चढावर नेऊ नका. तिला डॉक्टरकडे न्या."

"मीच डॉक्टर हाये," साहेब म्हणाले. आत काकूंना हसू आवरेना.

त्यानंतर मला बोलावणं आलं. त्या बाईला वऱ्हाडी समजत नाही, पुस्तकातलं मराठी लागतं, तेव्हा मॅडमनी शिकवावं. मी शिकवलं. ज्या माणसानं मंत्र्यासमोरही आपली बोली बदलली नाही, तो अंगणात उभा राहून पाठ करत होता, "माझ्या मोटारीचे इंजिन प्रमाणाबाहेर तापते." आमच्या शाळेत अशी मन लावून उजळणी करणारा विद्यार्थी मला अजून मिळायचा आहे.

मग साहेबांची तक्रार पलीकडे नीट पोचली. सिल्व्हानोनं इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगितला. साहेबांनी मोबाईल बॉनेटजवळ धरला. पलीकडे त्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि डावा हात वर केला. गल्ली गप्प झाली. साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाह्यलं? जाणकार माणूस हाये."

पंप आला, बसला. त्या दिवशी साहेबांनी काकूंना शेजारी बसवून राजूर घाट खाली-वर केला, एकदाही न थांबता. वर पोचल्यावर काकूंनी खाली उतरून दरीचा फोटो काढला आणि तो इटलीला पाठवला. तिकडून उलट एका अंजिराच्या झाडाचा फोटो आला. त्या झाडाशेजारी सिल्व्हानो टोपी काढून उभा होता.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. गाडी उत्तम चालत होती. साहेबांची मान आणखी दोन बोटं वर गेली. नवरदेवासाठी गाडी मागायला येणाऱ्यांना ते सरळ सांगू लागले, "नवरदेव हिच्यापुढं फिका पडन. पोराचं नुकसान होईन." मलाही दोनदा त्यांनी स्टँडवर सोडलं, दोन्ही वेळा एसटीच्या आधी पोचवलं.

पावसाळा सरल्यावरच्या एका रविवारी दुपारी मी वाळवण काढायला गच्चीवर गेले. शेजारच्या अंगणातून स्वच्छ पुस्तकी मराठी ऐकू येत होतं.

"सकाळी मोटार सुरू होत नाही. तीन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो. मी फार चिंतेत आहे."

मी थांबले. त्याच सकाळी इटलीवाली पहिल्या चावीला सुरू झाली होती. मीच गॅस बारीक केला होता, आणि साहेबांचं "नॉर्मल" सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. शिवाय ज्या माणसानं भर बाजारात गाडी बंद पडली असं म्हटलं नाही, तो आपणहून तिच्यात खोट सांगत होता. मी खाली उतरून त्यांच्या अंगणात गेले. साहेबांनी मला बघितलं आणि बोट ओठांवर ठेवून खुर्ची पुढे सरकवली.

मोबाईलच्या पडद्यावर सिल्व्हानो होता. त्यानं चष्मा चढवला होता, टेबलावर कागद पसरला होता आणि जाड पेन्सिलीनं तो इंजिनाचं चित्र काढत होता. एकेक भाग दाखवून समजावत होता. मध्येच स्वतःच्या कपाळावर टिचकी मारत, आठवून, परत पहिल्यापासून सांगत होता. दुभाषी बाई मागे पडली तरी तो थांबत नव्हता. साहेब मान हलवत होते. एखाद्या गोष्टीवर मुद्दाम शंका काढत होते. तेव्हा म्हाताऱ्याला आणखी चेव यायचा, तो नवा कागद घ्यायचा.

बऱ्याच वेळानं दोघांनी एकमेकांना हात जोडले. सिल्व्हानोला हात जोडायला साहेबांनीच शिकवलं होतं. फोन बंद झाला.

"सकाळी तर नॉर्मल होती," मी म्हणाले.

"आताबी नॉर्मलच हाये." साहेब उठले आणि बॉनेटवरून उगाच फडकं फिरवू लागले. "त्याचं गॅरेज बंद झालं, मॅडम. पोरानं जागा विकून टाकली. पोरगा दूर शहरात राह्यते, बायको नाही. म्या पंपाचे आभार मानाले फोन केला तं नुसता बसून होता. बोलता बोलता विचारलं त्यानं, मोटार बरी आहे ना? म्या म्हटलं, हाव, एकदम बरी हाये. तं त्याचं तोंडच उतरलं. बरं आहे, म्हणे, मग माझं काही काम नाही."

फडकं फिरवायचं थांबलं.

"नोकरी सुटल्यावर मले म्हशीसाठी फोन तरी येतात. त्याले कोणाचा येते?" ते म्हणाले. "म्हणून मंग म्या म्हटलं, नाही म्हणजे, ब्रेक मारला की जरा आवाज येते."

"आणि तेव्हापासून दर रविवारी?"

"दर रविवारी." साहेबांनी गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, तिला ऐकू जाऊ नये तसा. "लय जड जाते मले, मॅडम. एवढी चांगली गाडी, अन् तिचे ऐब सांगत बसायचे. पण मंग तो उठून कागद घेते ना."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. कप हातात देत साहेबांनी विचारलं, "पुढच्या रविवारी काय सांगावं? तुमी शिकलेल्या हा, सुचवा काहीतरी."

मला गाडीतलं काही कळत नाही. मी भीत भीत म्हटलं, "वायपर?"

"लहान काम होते ते. पाच मिनिटात सांगून टाकन तो. तासभर पुरलं पाह्यजे."

"आज सांगतलं तेच अजून सुधारलं नाही म्हणा," काकू म्हणाल्या.

"त्याच्या औषधानं गुण आला नाही म्हणू? नाही, नाही. त्याले वाईट वाटन." साहेब विचारात पडले. "गिअर बदलताना अडकते म्हणू का? नाहीतर मंग पुन्हा ब्रेकच काढतो. लागत नाहीत नीट, असं सांगतो."

काकूंनी रिकामा ट्रे छातीशी धरला.

"गिअरचं सांगा," त्या म्हणाल्या. "ब्रेकचं नोका सांगू. तुमी घाटातून जाता हे त्याले माहीत हाये. आठ दिवस झोपाचा नाही तो."