जाळीत फक्त पाऊस

अर्धा डोनट. निळ्या पिकअपमधून गळलेलं ऑइल. बास्केटबॉलचा संघ जिंकला म्हणून उधळलेली चंदेरी चमकी. संघ हरला म्हणून ओतलेली बिअर. डीनबाईंच्या कुत्र्याने विचारपूर्वक ठेवून दिलेली वस्तू.

ओहायोतल्या त्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये हे सगळं साठायचं आणि पाऊस आला की पावसाळी गटाराच्या जाळीतून ओढ्यात जायचं. जाळीशेजारी पाटी होती : 'इथे फक्त पाऊस.' पाटीचं पालन होतंय का, हे बघायची नोकरी लॉरेन पोकोर्नीची. तपासणीत घाणीचा एक थेंब सापडला तरी नोकरी जाणार, नोकरीबरोबर विमा. विम्यावर तिचा एक गुडघा बदलून झाला होता. दुसरा जूनमध्ये बदलायचा होता.

एप्रिलमध्ये, तपासणीच्या तोंडावर, ढग आले. ती उपाध्यक्ष डगकडे गेली.

"डग, पार्किंग धुवायला हवं."

"धुतलेलं पाणी जाळीतच जाणार ना? तो काय पाऊस आहे?"

"मग पाऊसच धुऊन काढेल."

"जमिनीला लागल्यावर तो पाऊस राहतो का गं?"

लॉरेनने नियम काढून पाहिले. राहत नव्हता. जमिनीला न शिवता थेट जाळीत शिरेल इतका शिस्तीचा पाऊस ओहायोत पडत नाही. म्हणून सगळ्या जाळ्या रबराने बंद करण्यात आल्या.

पाऊस पडला आणि पडतच राहिला. माळीकाम बघणाऱ्या ओटिसचा फोन आला.

"लॉरेनबाई, पार्किंगात बदकं उतरलीत."

"मग हाकल की!"

"हाकलली असती. पण एकीने अंडी घातलीत. तुमच्याच गाडीच्या टपावर."

तपासनीस गमबूट घालून आला. ओढ्यात थेंबही गेला नव्हता. पैकीच्या पैकी गुण. मात्र अंडी पाहून त्याने पार्किंगला संरक्षित पाणथळ जागा ठरवलं. आता पाणी सोडणं हा गुन्हा होता.

मुलं होड्यांतून वर्गाला येऊ लागली. पार्किंग विभागाने होड्यांना पास सक्तीचे केले. लॉरेन नोकरीत कायम झाली.

"अभिनंदन!" डग म्हणाला. "आता तेवढं तळ्यात ऑइल जाऊ देऊ नकोस."

"गाड्या तळ्यातच आहेत, डग."

"मग काढ ना बाहेर."

"बदकं उठतील."

"आणि तुझा गुडघा?"

"जूनमध्येच. दवाखान्यात होडीने जाईन."

तो ओढा पूर्वी या पार्किंगच्या जागीच उघडा वाहायचा; १९६८ साली तो जमिनीखालच्या पाइपात घालून वरून बुजवला होता, कारण तुमच्याआमच्यासारख्या सगळ्यांनाच गाडी दाराशी लावायची होती.