ग्लेनिसविरुद्ध केलेली स्तुती

आमच्याकडे थंडी मे महिन्यात सुरू होते; तेव्हा आलेल्या एका पत्राला मी थंडी सरेपर्यंत उत्तर दिले नाही. पत्र आमच्या यारंडूच्या रुग्णालयातल्या 'करुणा व सहकार्य गौरव समिती'चे होते.

करुणा मोजता येत नाही, असे मानणारी माणसे जगात अजून आहेत. समिती ती शंभरपैकी मोजते: करुणेला पंचावन्न गुण, सहकार्याला चाळीस आणि उरलेले पाच विनम्रतेला. (पुरस्कार नको म्हणणाऱ्याला हे पाच आपोआप मिळतात.) सहकार्याचा हा पुरस्कार एकाच व्यक्तीला देतात. ती तो घ्यायला जाते तेव्हा बाकीच्या परिचारिका तिची पाळी सांभाळतात आणि अशा रीतीने सहकार्य सिद्ध होते.

माझे मत मागवले होते, कारण पायाच्या जखमेची पट्टी बदलायला मी आठवड्यातून दोनदा तिथे जातो. मी निवृत्त ग्रंथपाल. कुणाला पुस्तक सुचवतानासुद्धा मी अडखळायचो. मग माणसाबद्दल मत देणारा मी कोण, असा प्रश्न पडला. पत्र मी शब्दकोशात घालून ठेवले.

पुरस्काराचे फळ मात्र मोठे असते. विजेत्याला रोग्यांच्या कटकटीतून सोडवून वरच्या मजल्यावर करुणा-समन्वयक नेमतात. तिथे तो इतरांना करुणा शिकवतो. ब्रायन नावाचा परिचारक घाबरलेल्या माणसाचा हात धरून बसायचा. आता तो हात कसा धरावा यावर पडद्यावर तक्ते दाखवतो. (रोग्यांना प्रवेश नाही.) त्याच्या आधीच्या दोघी शेजारच्या खोलीत आहेत. खालच्या मजल्यावरची करुणा दरवर्षी जितकी घटते तितकीच वरच्या मजल्यावर वाढते. म्हणजे रुग्णालयाचे एकूण नुकसान शून्य.

यंदा नाव ग्लेनिसचे होते. माझी पट्टी तीच बांधते.

"मला वर धाडणार बघ," पट्टी सोडवता सोडवता ती म्हणाली. "तिथं खिडकीसुद्धा नाही. नको म्हटलं तर पाच गुण वाढतात. आणि हलू नकोस, पाय आहे की मेंढरू?"

बाहेरच्या बाकावर मर्व्ह असतो, माझ्यासारखाच नेहमीचा रोगी. जन्मभर त्याने मेंढ्यांची लोकर कातरली, त्यामुळे धडपडणाऱ्याला कसे धरावे हे त्याला कळते. त्याने नियम वाचून दाखवला: एका जरी नेहमीच्या रोग्याचे मत प्रतिकूल आले तर नाव बाद. तेव्हा सगळ्यांनी तक्रारी करायच्या. स्वतः त्याने लिहिले की या बाईचे हात बर्फासारखे आहेत, चहा भांडी विसळल्यासारखा असतो आणि ती मुकादमासारखी ओरडते. बाकावरच्या बाकीच्यांनी यात आपापली भर घातली.

चूक इथेच झाली. यारंडूत ज्याच्यावर जीव असतो त्यालाच शिव्या घालतात. 'बरा आहे' हे शब्द लग्नातल्या भाषणासाठी राखून ठेवलेले असतात आणि तोंडभर स्तुती फक्त नकोशा माणसाची होते. मागच्या संचालकांना निरोप देताना कुणी 'दूरदृष्टीचे नेतृत्व' म्हणाले, तेव्हा चहा येईपर्यंत सभागृह हसत होते. समितीतले सगळे इथलेच. मर्व्हची तक्रार वाचून अध्यक्ष लोरेन यांनी डोळे पुसले म्हणतात. स्वतःच्या बायकोबद्दलही तो कधी एवढे चांगले बोलला नव्हता. ग्लेनिस पंचाण्णव गुणांवर गेली.

लोरेन मला किराणा दुकानात भेटल्या. "तुझंच तेवढं राहिलंय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत टाक. तूही घे तिला चांगली फैलावर, म्हणजे नक्की झालं."

घरी येऊन मी शब्दकोश उघडला आणि उत्तर लिहायला बसलो.

ग्लेनिस अतिशय दयाळू आहे, असे मी लिहिले. माझी पत्नी ईडिथ गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने पट्टी बदलायला गेलो होतो. ग्लेनिसने पट्टी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. नीट बसली नाही, म्हणाली. पट्टी नीट बसली होती. मला घरी जायचे नव्हते, ते तिने ओळखले होते. तेवढ्या वेळात तिची कामे दुसऱ्या दोघींनी न सांगता उचलली. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायचे होते.

दुसऱ्या दिवशी मर्व्हने ते बाकावर बसून वाचले. मग चष्मा काढला.

"म्हाताऱ्या, हे फार झालं," तो म्हणाला. "तिनं तुझं काय वाकडं केलंय?"

म्हणजे जमले होते.

समिती यातले एक अक्षरही खरे धरणार नाही. इथवर माझ्या प्रत्येक कौतुकाला हसत आलेल्या तुम्हीही धरू नये, ही विनंती. (धरलेच असेल, तर तुमचेही कुणाला तरी उत्तर राहिलेले दिसते.) मी पाकीट चिकटवले आणि रुग्णालयाच्या दाराशी असलेल्या लाल पेटीत टाकले. मग आत गेलो. पट्टीचा दिवस होता.