टिटवीकाकूंचा अडकणारा लॅपटॉप

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता की नव्हता ते जाऊ द्या, पण वधूवर सूचक मंडळ होतं. ते टिटवीकाकू चालवायच्या. स्थळांचे सगळे फोटो एका जुन्या लॅपटॉपमध्ये होते. तो मध्येच अडकायचा, मग काळा पडायचा.

"याच्यात आता राम उरला नाही," दुरुस्तीवालं माकड म्हणालं. "दुरुस्त तरी करून घ्या, नाहीतर नवा घ्या."

काकूंना ते पटलं. या हंगामात एकही लग्न जमलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी येऊन घेऊन जा बाबा."

तेवढ्यात चंद्रसेन साळिंदर आईला घेऊन आला. अंगभर काटे, आणि अट एकच. "मुलगी मऊ हवी."

हसू नका. तुमच्या मामाच्या अटी विचारा एकदा आजीला.

काकू फोटो दाखवू लागल्या. "नको. पुढे. हीपण नको. पुढे." मग सगुणा साळिंदरचा फोटो आला. बिचारीचा फोटो आजवर कुणी धड पाहिलाच नव्हता. तिनं आता लग्नाची आशाच सोडली होती.

"पुढे," चंद्रसेन म्हणाला.

लॅपटॉप अडकला. काकूंनी बटणं दाबली, दोन चापट्या दिल्या. सगुणा आपली हसतच राहिली. मग काकूंनी चहा टाकला.

"डोळे बरे आहेत हो," चहा पिताना आई म्हणाली.

पोहे आले. "काट्यांचा भांग छान पाडलाय," चंद्रसेन म्हणाला. दुसऱ्या चहाला तो नुसताच बघत बसला.

एवढ्यात लॅपटॉपला जाग आली. पडद्यावर एक मऊ मऊ, गुबगुबीत मुलगी आली.

"ही कोण?" चंद्रसेन ओरडला. "मागे घ्या! आधी मागे घ्या!"

लग्न थाटात झालं. सगुणा इतकी खूश होती की विचारू नका. व्याह्यांची गळाभेट मात्र लांबूनच झाली.

फोटो पाहिला त्याच संध्याकाळी माकड लॅपटॉप न्यायला आलं होतं. "हात लावून तर बघ!" म्हणत काकूंनी तो पंखाखाली घेतला होता.

आता माकडाला जेवायला फुरसत नाही. आसपासच्या मंडळांचे धडधाकट लॅपटॉप त्याला बिघडवून द्यायचे असतात.

तात्पर्य : रूपापेक्षा गुण श्रेष्ठ, हे अगदी खरं आहे. पण अंगी नुसते गुण असून भागत नाही. ते दिसेपर्यंत लॅपटॉप अडकलेला लागतो.