इलारिओकाकांचे बटाटे

इलारिओकाका बर्फात अनवाणी उभे राहून बटाटे तुडवायचे. तेही अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, आमच्या अपार्टमेंटमागे, पार्किंगच्या कडेला, भर दुपारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पीएचडीपायी हा माणूस गेला कामातून!

आता मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी, मॉरिसव्हिलला असतो, पण थंडी पडली की आधी तेच आठवतात. काका बोलिव्हियाचे, उंच पठारावरच्या ओरुरो शहरातले. पंचेचाळिशीत शिकायला आले, म्हणून आम्ही मराठी रूममेट त्यांना काका म्हणायचो. ते आम्हाला 'होवेन' म्हणायचे, म्हणजे तरुणा. "होवेन, बटाट्याला घाई चालत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बस चुकली तरी हेच, थीसिस अडकला तरी हेच.

त्यांच्याकडे बटाटे रात्री थंडीत गोठवतात, दिवसा उन्हात टाकतात, तुडवून पाणी काढतात आणि खडखडीत वाळवतात. त्याला म्हणतात चुन्यो. मी नागपूरचा, गच्चीवर कुरडया राखत वाढलेला. वाळवण म्हटल्यावर लगेच सामील झालो. चिमण्यांऐवजी खारी हाकलायच्या, एवढाच फरक.

हिवाळाभर रोज काकांच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन धरायचं काम माझं. म्हातारी ओरुरोच्या बाजारात चुन्योच विकायची. दोन वेण्या, डोक्यावर गोल हॅट. बोलणार फक्त आयमारा भाषेत, तेही भांडल्यासारखं. "टाच नको, चवडा!" असं ओरडायची म्हणे. शेजारच्या बायका गिऱ्हाइकं सोडून फोनमध्ये डोकावायच्या, फुकटचे सल्ले द्यायच्या. त्यात तिकडे थंडी जूनमध्ये. जानेवारीत बटाटे गोठवणं म्हणजे तिच्या मते निव्वळ पाप! काका निमूट बोलणी खायचे.

आणि दर वर्षी बटाटे सडायचे. आमची हवा दमट. अपार्टमेंटभर कुबट वास, मॅनेजरची ईमेल, मग काका सगळं कचऱ्यात टाकायचे. एकदा म्हणाले, "शाळेत मला तिच्या भाषेची लाज वाटायची, होवेन. ती आयमारात विचारायची, मी मुद्दाम स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचो." तेव्हापासून मलाच वाटायला लागलं, एकदा तरी जमू दे रे या माणसाला.

माझ्या शेवटच्या वर्षी कडक, कोरडी थंडी पडली आणि जमलं! काळे, हलके, टणक चुन्यो. मी तर नाचलोच. तेवढ्यात काकांच्या आईचा फोन आला. मी एक चुन्यो उचलून कॅमेऱ्यापुढे धरणार, तोच काकांनी माझा हात खाली दाबला आणि आयमारात काहीतरी पुटपुटले. तिकडून तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"पुन्हा सडले म्हणून."

"अरे बाप्पा! का पण?"

काका फोनकडे बघत मान डोलावत होते. म्हातारी थांबायचं नाव घेत नव्हती.

"माझ्या आईला गप्पा मारता येत नाहीत, होवेन," ते हळूच म्हणाले. "तिला फक्त शिकवता येतं. मला जमलं म्हणून सांगितलं, तर उद्या ती फोन कशाला करेल?"