काचेच्या दारावरची सरळ अक्षरे

परवाना कार्यालयाच्या काचेच्या दारावर दोन ओळी लावायच्या होत्या. ‘क्रमांक घेऊन रांगेत थांबावे. आत आल्यावर उजवीकडे वळावे.’ पैकी क्रमांक देणारे यंत्र दाराच्या आत होते आणि रांग दाराच्या बाहेर, परंतु याबाबत कार्यालयात कोणाचीही तक्रार नव्हती. अक्षरे पांढऱ्या व्हिनाइलची, चार बोटे उंच, आणि दाराला आतल्या बाजूने चिकटवलेली हवी होती. बाहेरून लावली की रांगेत कंटाळलेले नागरिक ती नखाने सोलतात, असा पूर्वानुभव होता. मागच्या पाटीतला ‘थांबावे’ हा शब्द तीन दिवसांत नाहीसा झाला होता, आणि रांगेची शिस्त तेव्हापासूनच बिघडली, असे अधीक्षकांचे मत होते.

हे काम पाटीवाल्याकडे आले. त्याच्या दुकानाचा परवाना महिनाभरात संपणार होता आणि नूतनीकरण याच कार्यालयात व्हायचे होते. अधीक्षकांनी त्याला समजावून सांगितले होते की, ज्याचे कार्यालयाशी काम चालू आहे त्याने ते पूर्ण केल्याचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. दाखला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर अक्षरे कापणाऱ्या यंत्राला, म्हणजे कटरला, सील. कटर म्हणजे त्याचे सर्वस्व होते. त्यावर तो दुपारी स्वतःचा रुमाल पांघरून ठेवी आणि मग घाम बाहीला पुशी.

पाटीवाला कामाला चोख होता. त्याने संगणकावर अक्षरे मांडली, शिरोरेषा एकमेकींत नीट जोडून घेतल्या, कारण त्या न जोडता कापायला दिल्या तर यंत्र प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून इमानेइतबारे ब्लेड फिरवते आणि ओळीचे तुकडे पडतात. मग त्याने ‘मिरर’चे बटण दाबले. काचेला आतून चिकटवायची अक्षरे उलटी कापावी लागतात, म्हणजे बाहेरून ती सरळ दिसतात. ही गोष्ट त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

अक्षरांभोवतीचे नको असलेले व्हिनाइल चिमट्याने सोलून काढण्याचे काम त्याची बायको करी. नऊ वर्षे उलटी अक्षरे वाचल्यामुळे तिला वर्तमानपत्र वाचायला थोडा वेळ लागे.

“अहो, एक अनुस्वार कमी आहे,” ती म्हणाली.

“तुझ्या कोपराला बघ.”

तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी माल भांडारपालांच्या टेबलावर उलगडला गेला. भांडारपालांनी तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि ते खुर्चीत मागे रेलले.

“उलटं आहे हे.”

“हो साहेब. आतून चिकटवायचंय ना. बाहेरून सरळ दिसेल.”

“बाहेरून काय दिसेल ते बाहेरच्यांनी बघावं. माल माझ्या टेबलावर आलाय. टेबलावर तो वाचता आला पाहिजे.”

“साहेब, तुम्ही दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहा. मी आतून काचेला धरतो.”

“दाराबाहेर फुटपाथ आहे,” भांडारपाल शांतपणे म्हणाले. “फुटपाथ रस्ते विभागाचा. मी तिथं उभा राहून तपासणी केली तर ती रस्ते विभागाची तपासणी होईल. आणि नियम असा आहे की माल पुढच्या बाजूनं तपासावा. याची पुढची बाजू कोणती?”

पाटीवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. “तसं बघायला गेलं तर, डिंकाची.”

“एकवीस वर्षं झाली मला या टेबलावर. डिंकाच्या बाजूला पुढची बाजू म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

शेरा पडला: ‘अक्षरे सदोष. दिशा चुकीची. सरळ अक्षरे पुरवावीत.’

घरी येऊन त्याने तो शेरा बायकोपुढे ठेवला. तिने तो सावकाश वाचला.

“मग कापा सरळ.”

“अगं, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते उलटं दिसणार.”

“दिसू दे. कटरला सील लागल्यावर आपल्याला काय दिसणार आहे?”

त्याने ‘मिरर’चे बटण न दाबता अक्षरे कापली. त्या दिवशी कटरचा आवाज त्याला जरा वेगळा वाटला, पण तो त्याचा भास असावा.

सरळ अक्षरे तपासणीत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली. पाटीवाल्याने ती रबरी पट्टीने काचेवर आतून घोटून बसवली, एकही बुडबुडा ठेवला नाही. आतून मजकूर अत्यंत सुवाच्य दिसत होता. तो वाचून दोन कारकुनांनी क्रमांक घेतले.

“साहेब, दाखला,” पाटीवाला अधीक्षकांना म्हणाला.

“तीस दिवसांनी. पाटी टिकते का, ते बघावं लागतं.”

“माझा परवाना एकतिसाव्या दिवशी संपतो.”

“मग एक पूर्ण दिवस आहे की तुमच्या हातात.”

बाहेर मात्र नागरिकांना पाटी वाचता येईना. चौथ्या दिवशी लेखी तक्रार आली. अधीक्षकांनी तिची जातीने चौकशी केली. ते दाराच्या आत उभे राहिले, त्यांनी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, आणि तक्रारीत तथ्य नसल्याचे नोंदवले. तरीही नागरिकांच्या भावनांचा आदर म्हणून रस्ते विभागाला विनंती करण्यात आली, आणि फुटपाथच्या कडेला, दाराच्या बरोबर समोर, एक मोठा आरसा उभारण्यात आला. दाराकडे पाठ करून त्या आरशात पाहिले की पाटी सरळ वाचता येई.

रांग साहजिकच आरशाकडे तोंड करून उभी राहू लागली. रांगेचे शेवटचे टोक आरशाजवळ असल्याने तिथल्या माणसाला सर्वांत स्पष्ट वाचता येई. परिणामी, ज्याचा नंबर यायला अजून दोन तास आहेत तोच नंबर आलेल्यांना सूचना देऊ लागला. दाराजवळ पोहोचलेला नागरिक वळायला घाबरत असे, कारण वळला की मजकूर उलटा होई. म्हणून लोक पाठमोरेच आत शिरू लागले. काही दिवस उंबऱ्याशी थोडी पडझड झाली. नंतर लोक घरून सराव करून येऊ लागले. एका आजीबाईंनी तर, असं उलटं चालून आपले गुडघे मोकळे झाले, असा अभिप्रायही नोंदवहीत लिहिला. सुधारणा म्हणून तो वरच्या कार्यालयाला पाठवण्यात आला.

एकच अडचण राहिली. पाठमोरा आत आलेला माणूस पाटीत सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या उजवीकडे वळे आणि खिडकीऐवजी थेट भांडारात पोहोचे.

“काल दुपारपर्यंत अकरा जण,” भांडारपाल अधीक्षकांना म्हणाले. “झाडूंच्या गठ्ठ्यापुढे अर्ज धरून उभे होते. एकानं मला मुद्रांक दाखवला.”

“साहेब, अजूनही अक्षरं उलटी करून देतो,” पाटीवाला म्हणाला. तो रोज सकाळी पाटी टिकली आहे ना, हे बघायला येत असे.

“जी पाटी तपासणीत पास झालीय ती कशी काढायची?” अधीक्षकांनी विचारले. “उद्या लेखापरीक्षक विचारतील, चांगली वस्तू का काढली?”

त्यापेक्षा इमारत बदलणे सोपे होते. दोन दिवस कार्यालय बंद ठेवून खिडकी भांडारात नेण्यात आली आणि भांडार खिडकीच्या जागी. त्यानंतर सर्व सुरळीत झाले. पाटीवाला रोज सकाळी ती सुरळीत रांग पाही आणि एकेक दिवस मोजी.

तिसाव्या दिवशी तो दाखल्यासाठी गेला, तेव्हा अधीक्षक घाम पुसत होते. सकाळी वरिष्ठ साहेब समोरून गाडीने गेले होते. त्यांना आरशाविषयी काही माहीत नव्हते. त्यांनी सरळ दाराकडे पाहिले होते.

“पाटी उलटी आहे म्हणाले,” अधीक्षक म्हणाले. “ही तर सरळसरळ तुमची चूक. ताबडतोब दुरुस्त करा, तरच दाखला.”

पाटीवाल्याने वाद घातला नाही. खरे सांगायचे तर त्याला आनंदच झाला. तो धावत दुकानात गेला, ‘मिरर’चे बटण दाबले, बायकोने अनुस्वार आधी मोजून घेतले, आणि एकतिसाव्या दिवशी सकाळी दहाला त्याने जुनी अक्षरे गरम हवेने सैल करून काढली व नवी बसवली. वरिष्ठांचा आदेश असल्याने टेबलावरची तपासणी माफ होती. तो फुटपाथवर जाऊन उभा राहिला. महिनाभरानंतर ती पाटी रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येत होती. त्याने दोन्ही ओळी मनातल्या मनात तीनदा वाचल्या.

त्याचे हे समाधान अकरा मिनिटे टिकले.

“ओ पाटीवाले,” रांगेतून एक गृहस्थ आरशाकडे बघतच म्हणाले, “काय करून ठेवलंत हे? एक अक्षर लागत नाही.”

“काका, आरशात नका बघू. मागे वळून बघा, सरळ आहे.”

“मागे कशाला वळू? वळलं की नंबर जातो.”

“इतके दिवस कसं छान चाललं होतं,” एक बाई म्हणाल्या. “बदल करायच्या आधी लोकांना विचारायची काही पद्धत?”

एका धाडसी तरुणाने मात्र वळून पाहिले. त्याने पाटी वाचली, तोंड पुढे करून आत गेला, सांगितल्याप्रमाणे उजवीकडे वळला, आणि लगेच परत आला.

“आत झाडू आहेत,” त्याने सर्वांना सांगितले.

यावर मग चर्चेला काही उरले नाही. जागच्या जागी तक्रारअर्ज लिहिला गेला आणि पुढच्याच्या पाठीवर टेकवून एकेकाने त्यावर सही केली. त्रेचाळीस सह्या झाल्या. अधीक्षकांनी अर्ज दोन्ही हातांनी स्वीकारला.

“लोकभावना आहे,” ते पाटीवाल्याला म्हणाले. “वरिष्ठांना मी समजावतो. साहेबांच्या गाडीला दुसरा रस्ता आहे. तुम्ही आधीची लावा, आणि दाखला घेऊन जा.”

पाटीवाल्याने घरी फोन केला. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “अहो, आज एकतिसावा दिवस आहे.”

त्याने नवी अक्षरे सोलली. सोलताना त्यांच्या बारीक चिकट गुंडाळ्या झाल्या. त्या त्याने खिशात ठेवल्या, टोपलीत त्याला टाकवल्या नाहीत. मग दुकानातून सरळ अक्षरे पुन्हा कापून आणली आणि बसवली. रांगेत हायसे वाटल्याची कुजबुज पसरली. चार वाजता दाखला हातात आला. अर्ज पाचपर्यंत द्यायचा होता. तो रांगेत जाऊन उभा राहिला, दाराकडे पाठ करून.

शेजारी तेच काका होते, दुसऱ्या एका अर्जासाठी पुन्हा रांगेत.

“खरं सांगा,” ते आरशात त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले, “मघाची बरोबर होती ना?”

“होती.”

“मला वाटलंच होतं.”

“मग सही का केलीत?”

“सगळे करत होते. आणि माझा नंबर जवळ आला होता.”

पाच वाजायला सात मिनिटे असताना पाटीवाला पाठमोरा आत शिरला, न अडखळता उजवीकडे वळला, आणि त्याच्या परवान्यावर शिक्का पडला. खिडकीवरच्या बाईंनी त्याचे कौतुकही केले: पहिल्यांदाच येऊन इतक्या सफाईने वळणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

त्या तक्रारअर्जावरच्या त्रेचाळीस सह्यांपैकी बऱ्याच घाईत केलेल्या असल्याने कोणाच्या ते कळत नाही. वाचकांपैकी कोणाला आपली सही ओळखून घ्यायची असल्यास कार्यालय दहा ते पाच उघडे असते. फक्त रांगेत असताना वळून बघू नये. नंबर जातो.